सायले, तुझ्या कायद्याचं काम पडलंय

प्रिय सायले,

मी बरी आहे, खोकला गेला. आता मुद्द्याचं. हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर "होतं गं असं" म्हणून मोकळे होतील, तुझ्या मामांची गोळ्या लपवायची ती हॉर्लिक्सची बरणी ज्यांनी बघितलीच नाही त्यांना काय कळणार.

माझं आयसीएमआरचं एसटीएस, म्हणजे विद्यार्थ्यांसाठीचा छोटा संशोधन प्रकल्प, चालू आहे ना, एआरटी सेंटरला, म्हणजे जिथे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, येणाऱ्या पेशंटची स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकायला लावून श्वास मोजायचा. नाकाला चिमटा लावायचा आणि "फुंका, फुंका, अजून अजून" असं ओरडायचं, तू कबड्डीच्या मॅचला ओरडायचीस तस्सं. मग श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या साल्बुटामॉलचे ४ पफ, १५ मिनिटं थांबायचं आणि परत फुंकायला लावायचं. परवा एक काकू आल्या. विडीला कधी हात लावला नाही, पण सगळा जन्म चुलीपुढे गेलाय आणि टीबी दोनदा होऊन गेला. गोळ्या एकदम वेळेवर, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) सापडत नाही इतका कमी, आणि पफनंतरचा रेशो, म्हणजे फुंकलेल्या एकूण हवेतली पहिल्या सेकंदात किती बाहेर आली ते, आला ०.५८. ०.७० च्या खाली म्हणजे श्वासनळ्या अरुंद झाल्यात. एचआयव्ही इतका आटोक्यात ठेवला बाईने आणि जिना चढताना मध्येच थांबावं लागतं, आजवर कुणी तिचा श्वास मोजलाच नव्हता गं!

पण रिपोर्ट घेईनात. संमतीपत्राची कॉपीसुद्धा टेबलावरच ठेवून गेल्या, कारण अभ्यासाच्या नावातच एचआयव्ही आहे, ठळक मराठीत, आणि घरी सून सगळं वाचते. म्हणाल्या छातीच्या ओपीडीत जाते पण तिथे "ते" सांगणार नाही. आणि माझा जीव इथेच अडकलाय, त्यांच्या सेकंड लाइनच्या, म्हणजे पहिल्या गोळ्यांनंतर बदलून दिलेल्या, गोळ्यांत रिटोनाविर आहे. इनहेलरमधलं फ्लुटिकासोन किंवा बुडेसोनाइड हे स्टेरॉइड त्याच्यासोबत रोज घेतलं की स्टेरॉइड अंगात साठत जातं, चेहरा सुजतो, साखर वाढते, शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं मंदावतं. समोरच्या डॉक्टरला माहीतच नसलं तर तो नेमकं तेच लिहून देईल. लपवलं तरी धोका, सांगितलं तरी रांगेतल्या कुणाच्या कानावर जायची धास्ती.

गाईड मॅडम म्हणाल्या मी स्वतः तिथल्या डॉक्टरांशी बोलते, आधी काकूंना विचार. म्हणजे विचारायचं मलाच. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात उपचारापुरतं एका डॉक्टरने दुसऱ्याला सांगायची मुभा आहे ना? पण मी तर अजून सेकंड इयरची, मला ते लागू होतं का? आणि कायदा काही म्हणो, काकूंनी नको म्हटलं तर मी काय करू? मामांना विचारशील का, त्यांना कुणी कसं विचारलं असतं तर चाललं असतं? तू लॉ घेतलंस म्हणून आपलं केवढं वाजलं होतं, मला अजूनही वाटतं तू मेडिकललाच हवी होतीस, पण ह्या घडीला तू वकील होतेयस हेच बरंय.

तुझं मूट कोर्ट कसं झालं? आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? त्या पुण्याच्या स्थळाचं पुढे काय, सगळं सांग.

काकू गुरुवारी गोळ्या न्यायला येणार आहेत, त्याच्या आधी फोन कर, रात्री कितीही वाजता चालेल.

तुझीच,
मनू