सूचना : द्राक्षाबाहेरचे प्रश्न गटावर नकोत

सर्व बागायतदार बंधू-भगिनींनो,

द्राक्षाची गोडी छाटणी (फळे धरण्यासाठीची छाटणी) सुरू झाली आहे. ढगाळ हवेत डाऊनी हा बुरशीजन्य रोग झपाट्याने पसरतो, आणि नेमके तेव्हाच एखाद्याचा तातडीचा प्रश्न कांद्याचे भाव आणि सातबाऱ्याच्या चौकशीखाली दबून जातो. बाग हातची जाऊ शकते, म्हणून आजपासून द्राक्षाबाहेरचे प्रश्न गटावरून काढून टाकले जातील. विचारणाऱ्याला कारण वैयक्तिक निरोपाने कळवू. कृपया राग मानू नये.

इतर पिकांसाठी किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर फोन करा, तो मोफत आहे. सातबारा महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर मिळतो. माती-पाणी परीक्षण आणि बेदाणा मात्र आपलेच विषय, ते जरूर विचारा.

प्रश्नासोबत वाण, छाटणीची तारीख आणि पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो द्या. डाऊनीची पांढरी बुरशी पानाच्या खालच्या बाजूला दिसते. नुसत्या वरच्या फोटोवरून फवारणी सुचवणे धोक्याचे आहे.

– गट व्यवस्थापक