डायलिसिसच्या पॅकेजात पीटीएच का नाही?

मा. संपादक,

माझे बाबा सहा वर्षं डायलिसिसवर आहेत, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, सकाळची पहिली शिफ्ट, त्यामुळे कळव्याहून अंधारातच रिक्षा पकडायची. दर महिन्याला रक्त काढतात, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, पोटॅशियम, सगळं फाइलला लागतं. त्या जाडजूड फाइलीत पीटीएचचा (पॅराथायरॉइड हार्मोन, ज्यावरून हाडांची हालत कळते) रिपोर्ट मात्र एकच, तोही चार वर्षांपूर्वीचा. हे आम्हाला कळलं कधी, तर मार्चमध्ये बाबा नुसते खोकले आणि बरगडी मोडली तेव्हा.

तोपर्यंत गुडघे दुखतात म्हणजे वय झालं आणि अंगाला खाज सुटते म्हणजे साबण बदलायला हवा, असंच चाललं होतं. पाठ खाजवायला आईचा जुना कंगवा असतो त्यांच्या उशाशी. मग टेस्ट केली तर पीटीएच 1,600 आणि फॉस्फरस 7.8, दोन्ही फारच वर!

डॉक्टरांनी समजावलं ते असं की किडनी फॉस्फरस बाहेर टाकत नाही, व्हिटॅमिन डी कामाचं करून देत नाही, मग गळ्यातल्या चार बारक्या ग्रंथी पीटीएच सोडत बसतात आणि हाडांतलं कॅल्शियम उपसलं जातं. लॅबच्या कागदावर नॉर्मल साधारण 15 ते 65 छापलेलं असतं, पण डायलिसिसवाल्यांना वरच्या आकड्याच्या दोन ते नऊ पट चालतं, उलट फार कमी झालं तर हाड सुस्त पडतं, तेही वाईटच. म्हणून एकच आकडा बघून काही ठरत नाही, वर चाललाय की खाली ते बघावं लागतं. हाडाचा तुकडा काढून तपासणं सगळ्यात पक्कं, पण ते करतंय कोण.

केडिगो या किडनीच्या आजारांवर गाइडलाइन काढणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2017 च्या गाइडलाइनमध्ये कॅल्शियम-फॉस्फरस एक ते तीन महिन्यांनी आणि पीटीएच तीन ते सहा महिन्यांनी करा असं सांगितलंय. आमच्या सेंटरवर विचारलं तर म्हणे पॅकेजात बसत नाही, बाहेरून करून आणा. अहो पण करायचं असतं हे तरी सांगा! पॅकेज ठरवणाऱ्यांनी, मग ते सरकारी योजनेतलं असो की खाजगी, सहा महिन्यांतून एकदा तरी ही टेस्ट त्यात घालावी.

चूक आमचीही आहेच. फॉस्फरस कमी करायची गोळी जेवणातच घ्यायची असते आणि बाबा ती रात्री झोपताना घ्यायचे, तीही दुधाबरोबर, म्हणजे ज्यात फॉस्फरस भरलेलं त्याच्याच बरोबर. आता आई ताटात भाताशेजारीच गोळी ठेवते. परवा फॉस्फरस 5.9 आलंय, पीटीएच पुढच्या महिन्यात.

एक वाचक, कळवा (ठाणे)