मनूला हा चित्रपट जरूर दाखव

पुणे, रविवार

प्रिय विनय,

स. न. तुझं पत्र मिळालं. ‘द बॅटल ऑफ अल्जियर्स’ मनूला दाखवावा का, असं विचारलंयस. जरूर दाखव. बारावीतली मुलगी आहे, तिला समजेल. फक्त शेजारी बस, कारण सुरुवातच अंगावर येते. छळ सोसून मोडलेला एक अल्जेरियन माणूस, त्याच्याकडून पत्ता काढून घेतलाय आणि वाट दाखवायला फ्रेंच सैनिक त्याला आपलाच गणवेश चढवतायत. ते डोळे माझ्या मनातून जात नाहीत.

गिलो पोन्तेकोर्वो या इटालियन दिग्दर्शकाने तो १९६६ मध्ये केला, फ्रान्सशी लढून अल्जेरिया स्वतंत्र होऊन चारच वर्षं झाली होती. राजधानी अल्जियर्समधल्या कस्बा या जुन्या वस्तीच्या खऱ्या गल्ल्या आणि माणसंही बहुतेक तिथलीच. सादी यासेफ तर त्या लढ्यातला अल्जियर्सचा म्होरक्या. निर्मितीत तो होताच, शिवाय स्वतःवर बेतलेली भूमिकाही त्यानेच केली. बघताना बातमीपट वाटतो, पण खऱ्या बातमीपटाचा एक तुकडाही त्यात नाही.

आता त्या तीन अल्जेरियन बायकांविषयी. केस कापून, युरोपियन कपडे घालून त्या पिशव्यांत बॉम्ब घेऊन तपासणी नाके पार करतात. आपण श्वास रोखून त्यांच्या बाजूने असतो. मग एक फ्रेंचांच्या कॅफेत पोचते आणि कॅमेरा तिच्या नजरेने तिथले चेहरे पाहू लागतो. गप्पा मारणारी माणसं, आइस्क्रीम चाटणारं एक लहान मूल. त्याआधी कस्ब्यातल्या स्फोटात गाडली गेलेली मुलं आपण पाहिलेली असतात. दोन्हीकडच्या प्रेतांवर तेच शोकसंगीत वाजतं. दिग्दर्शक कोणाच्या बाजूचा आहे याबद्दल तिळमात्र शंका उरत नाही, तरी तो समोरच्यांच्या मरणाकडे पाठ फिरवत नाही. म्हणूनच माझा त्याच्यावर विश्वास बसतो. आपण शाळेपासून पाहिलेल्या कितीतरी देशभक्तिपर चित्रपटांत शत्रूला चेहराच नसायचा, आठवतंय ना?

हे बंड मोडायला आलेला फ्रेंच अधिकारी कर्नल माथ्यूही राक्षस नाही. हुशार, शांत, नेमकं बोलणारा. ‘फ्रान्सने इथे राहावं असं वाटतं ना, मग त्याचे परिणामही स्वीकारा,’ असंच तो पत्रकारांना सुनावतो. ती भूमिका करणाऱ्या जाँ मार्तँने स्वतः त्या युद्धाविरुद्धच्या जाहीरनाम्यावर सही केली होती आणि त्यापायी काम गमावलं होतं. फ्रान्समध्ये चित्रपट काही वर्षं दाखवूच दिला नाही.

शेवटी मनूला एक विचार. ऑक्टोबर १९५७ मध्ये बंडखोरांच्या अली ला पोइन्त या म्होरक्याला लपलेल्या जागेसकट उडवतात, त्यांची शहरातली संघटना संपते. सैन्य जिंकलेलं असतं. मग डिसेंबर १९६० मध्ये घरी शिवलेले झेंडे घेऊन अल्जेरियन लोकांची ती गर्दी येते कुठून? चित्रपट याचं उत्तर देत नाही, १९६२ च्या स्वातंत्र्याची एवढी एक ओळ ऐकवतो. माझा तर्क असा की त्या तीन वर्षांत घराघरांत जे घडलं, ते फ्रेंचांच्या नकाशांवर कुठे नव्हतंच. तिला काय वाटतं ते तिलाच लिहायला सांग. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनिल