मधे एक दिवस मोकळा हवा

नेरुळ, रविवार रात्र

प्रिय गोली,

चार महिन्यांत दोन ओळी लिहिल्या नाहीत, हवं तेवढं रागव. तब्येत ठीक, आईचा गुडघा तसाच.

आपल्या विभागीय स्पर्धेतल्या मुलींच्या फुटबॉलचं कच्चं वेळापत्रक आलंय आणि माझी झोप उडालीय. चार संघ, साखळी म्हणजे प्रत्येकाची प्रत्येकाशी एक गाठ, मग पदकांचे दोन सामने. एकूण आठ, प्रत्येक संघाला चार. ते कोंबलेत पाच दिवसांत! पहिले तीन दिवस रोज सामना, एक सुट्टी, मग फायनल. नव्वद मिनिटं धावलेले पाय चोवीस तासांत भरून येत नाहीत. तिसऱ्या दिवशी साठाव्या मिनिटानंतर पाऊल उशिरा पडतं, टॅकल चुकतं, आणि गुडघ्यातला तो अस्थिबंध, एसीएल, मुलांपेक्षा मुलींचा किती जास्त जातो हे तुला मी काय सांगू!

2019 च्या दक्षिण आशियाई स्पर्धा आठव. नेपाळमधल्या पोखऱ्यात हाच साचा होता, पण भारताचे सामने 3, 5, 7 आणि 9 डिसेंबरला, दिवसाआड. इथे डी. वाय. पाटील स्टेडियमवर 30 ऑक्टोबर 2022 ला सतरा वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकाची फायनल झाली, तिच्या सेमीफायनल 26 लाच गोव्यात उरकल्या होत्या. मधे पूर्ण तीन दिवस!

म्हणे मैदान एकच, आणि ते अ‍ॅथलेटिक्सला हवंय. मान्य, भाला आणि हातोडा पडत असताना फुटबॉल होत नाही. मग उद्घाटनाआधी सुरू करा ना. टोकियो ऑलिम्पिकचं उद्घाटन 23 जुलैला होतं, मुलींचं फुटबॉल 21 लाच सुरू झालं. दोन दिवस आधी सुरू केलं की सात दिवस मिळतात आणि चारही सामने दिवसाआड बसतात. तेही जमलं नाही तर निदान पाच बदली खेळाडू तरी द्या, तीन थांब्यांत आणि मध्यंतरात.

आता आपलं जुनं भांडण. पहिल्या दोन मानांकित संघांची गाठ साखळीच्या शेवटच्या फेरीत हवी, गर्दी होते, असं तू म्हणायचीस. मला ते अजून पटत नाही. पोखऱ्यात भारत-नेपाळ 7 ला झाला, 1-0. तीच जोडी 9 ला फायनलला, 2-0. दोघींनी आधीचे दोन्ही सामने जिंकले असले की तिसऱ्यात ठरायचं काही उरत नाही, दुखापत मात्र होऊ शकते. म्हणून पहिला-दुसरा मानांकित आणि तिसरा-चौथा अशा जोड्या पहिल्याच दिवशी लाव. हरणारीला पुढचे दोन्ही जीव तोडून खेळावे लागतील. गुण समान झाले तर आधी आपसातला निकाल बघावा, गोलफरक नंतर. नाहीतर दुबळ्या संघाला सहा-सात गोल मारायची चढाओढ लागते. त्या पोरींनी पुन्हा बूट बांधायला हवेत ना!

आणि दुपारी बाराचा सामना, तोही कृत्रिम टर्फवर! काळे रबरी दाणे तापतात, पाणी मारलं तरी थोडा वेळच टिकतं. लांब स्टडचे, म्हणजे तळाला लांब खुंट असलेले, बूट त्यात अडकून गुडघा पिळतो, आखूड स्टडचे हवेत. सामना सकाळी साडेसातला घ्या, एवढंच मागणं आहे.

तुझी बदली झाली का? लेकीला शाळा मिळाली? नीट कळव. शनिवारी वेळापत्रक पक्कं होतंय. गुरुवारपर्यंत तुझी जोड्यांची वही शोध आणि चार संघांचं पान पाठव, शेवटच्या फेरीवर तू मारलेल्या फुलीसकट.

तुझी,
राइट बॅक