सहकारमंत्र्यांना खुलं पत्र: दीर्घकालीन म्हणजे नेमकी किती वर्षं, साहेब?

मा. सहकारमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सप्रेम नमस्कार. आपण कामात असता याची जाणीव आहे, पण गेल्या रविवारी आमच्या सांगलीत बचत आणि गुंतवणुकीवर एक मेळावा झाला आणि हे पत्र लिहिणं भाग पडलं.

वक्ते म्हणाले, लवकर सुरुवात करा, दीर्घकालीन विचार करा, चक्रवाढीवर विश्वास ठेवा, बारा टक्के मिळाले तर पैसा सहा वर्षांत दुप्पट. टाळ्या पडल्या. माझे निवृत्तीचे नऊ लाख एका पतसंस्थेत अडकलेत. दुप्पट राहू द्या, मुद्दलाचं तोंड दिसलं तरी पेढे वाटीन.

मी एसटीचा निवृत्त वाहक. पेन्शन ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफवाल्या कर्मचाऱ्यांच्या पेन्शन योजनेची, महिना दोन हजार आठशे. या योजनेतली किमान पेन्शन २०१४ पासून हजार रुपयांवरच आहे. तेव्हापासून गॅसची टाकी कुठे गेली ते घरात विचारून बघा. म्हणून फंड, ग्रॅच्युइटी सगळं ठेवीत टाकलं, महिन्याच्या व्याजावर घर चालेल या हिशेबानं. संस्थेच्या भिंतीवर तुमच्या खात्याचा नोंदणी क्रमांक होता, शेजारी 'ऑडिट वर्ग अ' असा बोर्ड होता. आता तेच खातं विचारतं, चौकशी करून ठेव ठेवली नव्हती का? अहो, चौकशी करणारे तुम्हीच ना!

मिरजेच्या डॉक्टरांनी बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलंय. ती भिंत धरून चालते, आणि मी पावतीला लॅमिनेशन करून आणलंय. मुलीकडून उसने घेतो तेव्हा जावई काही बोलत नाहीत. ते न बोलणंच जास्त लागतं.

सहकार कायद्याच्या कलम ८३ ची चौकशी झाली, ८८ खाली संचालकांवर जबाबदारी निश्चित होणार म्हणे. होणार, होणार! तोवर महागाई सहा टक्के धरली तरी बारा वर्षांत माझ्या नऊ लाखांची किंमत निम्मी. हे गणित मेळाव्यात कुणी सांगितलं नाही. संचालकांच्या दारात मात्र नवी गाडी उभी आहे, तिची चौकशी कोणत्या कलमात बसते?

बँक बुडाली तर ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत विमा आहे. २०२० च्या फेब्रुवारीत तो एक लाखावरून वाढवला, चांगलं केलं. पण पतसंस्थेच्या ठेवीला तो विमा लागू नाही. तासगावचा द्राक्षवाला, मार्केट यार्डातला हमाल, भाजीवाली मावशी पैसे कुठे ठेवतात? पिग्मीवाला रोज दारात येतो तिथेच. बँकेत फॉर्म भरून द्यायला कुणी नसतं, आणि शेअर बाजार टीव्हीवर बघायचा असतो.

आणि सरकारकडे हमी द्यायला पैसे नाहीत असंही नाही. साखर कारखान्यांच्या कर्जाला थकहमी मिळते. कारखाना थकला की पुनर्गठन, शेतकऱ्याच्या बिलाला मात्र 'पुढच्या हंगामात बघू'. वसंतदादांच्या जिल्ह्यात सहकारावर बोट ठेवायला जीव धजत नाही, पण आज सहकार म्हणजे कर्ज त्यांचं आणि बुडीत आमचं, असंच दिसतंय. निवडणुकीला हेच चेहरे हात जोडून येतात, पक्ष तेवढा बदललेला असतो.

पतसंस्थेतल्या ठेवीलाही बँकेसारखा पाच लाखांचा विमा द्या. कुणाची मालमत्ता जप्त झाली, किती विकली, पैसे कुणाला वाटले, हे दर महिन्याला संस्थेच्या दारावर मराठीत लावा. आजारपणाचे कागद असलेल्यांचे पैसे आधी सोडा. बायकोची फाइल तयार आहे, कुठे आणून द्यायची तेवढं कळवा.

आपला,
एक निवृत्त वाहक, सांगली