छताखालची काकडी

प्रिय दोस्ता,

इकडे सगळे बरे, आईचा गुडघा आहे तसाच. लिहायचं कारण वेगळंय. दादाच्या पॉलिहाऊसमधल्या काकडीचा रेसिड्यू रिपोर्ट, म्हणजे मारलेल्या औषधाचा किती अंश उरलाय त्याचा, आला आणि ती मर्यादेच्या वर निघाली. तेच औषध, तेच प्रमाण, त्याच दिवशी बाहेरच्या उघड्या प्लॉटवर मारलेलं, आणि तिथली काकडी पास! दादा म्हणतो लॅबने सॅम्पल बदललं. हे घरात कोणाला समजावू, तुला मात्र अर्ध्या वाक्यात कळेल.

लॅबने काही बदललं नाही रे. आत पाऊस नाही, वारा जेमतेम, आणि वरचा कागद यूव्ही अडवणारा, म्हणजे उन्हाने औषध तुटायचं तेही कमी. बाहेर एक चांगली सर आली की पानावरचं बरंचसं धुऊन जातं. परवा आत गेलो तर पानांवर फवाऱ्याचे पांढरट ठिपके तसेच, बोट फिरवलं तर बोटाला लागत होते. फवारल्यावर तोडणीआधी थांबायचे दिवस दादाने दोन्हीकडे सारखेच पाळले, त्याला बिचाऱ्याला सल्ला देणाऱ्याने आत-बाहेरचा फरक सांगितलाच नाही, ह्याचा मला खरंच राग आलाय.

त्यात काकडीचं असं की ती एक-दोन दिवसाआड तोडावीच लागते, कोबीसारखी थांबत नाही, थांबवली की जून. फळ फुगतं तसं त्यातलं औषध विरळ होत जातं, पण फळाला वेलीवर राहायला तर मिळालं पाहिजे! आणि आंतरप्रवाही औषध, इमिडाक्लोप्रिडसारखं, पानाफळाच्या आत शिरलेलं असतं, ते नळाखाली धरून कसं जाणार.

तू त्या वेळी ओरडून सांगायचास, झाकलेलं पीक म्हणजे कीड कमी, फवारणी कमी. अर्धं बरोबर होतं तुझं. जाळीने कीड अडते, पण पांढरी माशी नि लाल कोळी एकदा आत शिरले की ऊब आयती आणि त्यांना खाणारे मित्रकीटक बाहेर. त्या भांडणात माझी वही घेऊन गेलास ती अजून तुझ्याकडेच आहे, चोरा.

उघडं शेत म्हणजे सुटका असंही नाही म्हणा. डिल्ड्रिन हे जुनं कीटकनाशक, लवकर न तुटणारी घातक रसायनं बंद करायच्या २००१ च्या स्टॉकहोम करारातल्या पहिल्या बारा रसायनांत होतं, पण जिथे पूर्वी वापरलंय तिथल्या मातीत ते अजून सापडतं, आणि काकडी-भोपळ्याच्या वेली ते मुळांतून वर ओढतात. शेतकऱ्याने स्वतः काहीही न मारता रिपोर्ट खराब येऊ शकतो.

पण माझी खरी काळजी वेगळीच, दादा म्हणतोय पुढच्या वेळी सॅम्पलच पाठवणार नाही. ते ऐकून झोप उडाली माझी. लहान पोरं खातात रे ती काकडी, न सोलता. मी बोललो की चिडतो, तुझं ऐकतो. मित्रकीटक सोडणं, चिकट सापळे लावणं, फवारायचंच तर तोडे कमी असताना, हे तूच त्याला सांग, ह्या रविवारी फोन कर.

तुझी नवीन नोकरी कशी, बदली झाली का? पोरीचा निकाल कळव. वहिनींना नमस्कार.

तुझाच