आनंदाच्या रविवारनंतर

वसई
१५ डिसेंबर २०२५

प्रिय बाय,

काल रात्री फोनवर तू आईला म्हणालीस, "यंदा मला नाताळ नको." स्पीकर चालू होता, मला ऐकू आलं. तिथे हॅम्बुर्गच्या चर्चमध्ये गेलं की बाळ येणार, बाळ येणार हेच चाललेलं असतं, म्हणून तू मिस्सा अर्धी टाकून उठून आलीस. आई गप्प झाली आणि मग सुकेळी पोचली का, हे विचारलं. तिचा राग धरू नकोस, तिला दुसरं काही सुचलं नाही.

चर्चला जा की जाऊ नकोस, यावर मी लिहिणार नाही, ठरवूनच बसलोय. माझ्या मनात राहिलंय ते दुसरंच. ऑल्विन कामावरून येईपर्यंत मी दिवा लावत नाही, असं तू मागच्या आठवड्यात सहज बोलून गेलीस. तुमच्याकडे चार वाजता सूर्य मावळतो आणि ऑल्विन येतो सातला. मधल्या वेळात तू काय करतेस? तिथे चार म्हणजे इथे साडेआठ. आमचं ताट वाढलेलं असतं आणि हल्ली माझी नजर घड्याळाकडे जाते.

काल आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांतला, तिसरा रविवार होता, गुलाबी मेणबत्तीचा. फादर गुलाबी झगा घालून आले आणि कॉयरमधल्या पोरी हसल्या, दरवर्षी हसतात. याला आनंदाचा रविवार म्हणतात, पण शुभवर्तमान कुठलं होतं सांगू? योहान बाप्तिस्ता हेरोदाच्या कैदेत. ज्याने नदीकाठी उभं राहून साऱ्या जगाला ओरडून सांगितलं की तो येतोय, तोच आता तुरुंगातून शिष्यांकडे निरोप देतो: जो येणारा तो आपणच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? आणि प्रभू रागावत नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, तुम्ही बघता ते जाऊन त्याला सांगा, एवढंच म्हणतो. शिष्यांची पाठ वळताच लोकांना सांगतो की स्त्रीच्या पोटी जन्मलेल्यांत योहानापेक्षा मोठा कोणी झाला नाही. प्रश्न विचारून पाच मिनिटंही झाली नसतील! आनंदाच्या रविवारी हे वाचायला लावणाऱ्याने दुःख जवळून पाहिलेलं असणार. योहान पुढे सुटला नाही, त्याचं काय झालं ते तुला माहीत आहे. मी गोड करून सांगत नाही.

हॅम्बुर्गला गेलीस त्या पहिल्या वर्षी तू मला त्या चाकाचा फोटो पाठवला होतास, आठवतं? योहान विखर्न नावाचे प्रोटेस्टंट धर्मशास्त्री, त्यांनी १८३३ साली वाऱ्यावर सुटलेल्या गरीब पोरांसाठी राउहेस हाउस काढलं. पोरं रोज विचारायची, नाताळ कधी, नाताळ कधी. म्हणून १८३९ साली त्यांनी गाडीचं जुनं चाक घेऊन त्यावर रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या आणि मधल्या वारांच्या छोट्या लाल मेणबत्त्या लावल्या. आपल्या वेदीजवळच्या चार मेणबत्त्यांचं मूळ तिथलं आणि माझी बाय त्याच गावात नर्स आहे, जर्मनमध्ये पेशंटशी बोलते, हे मी दादरच्या फुलबाजारात इतक्यांदा सांगितलंय की आता लोक विषय बदलतात. बदलू देत.

सांगायचं काय, तर त्या पोरांसाठीही रोज एक वात जास्त पेटत होती, नाताळ लांब असला तरी. तेव्हा तूही चार वाजले की उठावंस, दिवा लावावास, काहीतरी हाताशी घ्यावंस. मी सगळा जन्म अंधारात उठलो, बॅटरीच्या उजेडात चाफा तोडला, टोपल्या घेऊन गाडी पकडली. माणसाने अंधारात हात चालते ठेवावेत, नाहीतर

झालं, लागलो शिकवायला. तू रात्रपाळ्या करतेस, दुसऱ्यांच्या उशाशी उभी राहतेस, तुला अंधाराबद्दल मी काय सांगणार. माफ कर.

आई म्हणाली, यंदा नाताळचा गोठा नको. मी तरी वाडग्यात नाचणी पेरली आहे, उगवून आली की बघू. तू लहान असताना २४ च्या मध्यरात्रीआधी बाळ येशू गव्हाणीत ठेवायचा नाही म्हणून तू तो लपवला होतास. मिस्साला निघायची वेळ झाली आणि बाळ कुठे ते कोणालाच माहीत नाही, तू गाढ झोपलेली. आजीने तांदळाचा डबा उपसून त्याला काढला, नाकातोंडात कोंडा. फादरांना सांगायला नको, म्हणून तिने घरातल्या सगळ्यांना शपथ घातली होती. ती गव्हाण तीन-चार आठवडे रिकामी असते, हे मला आजवर कधी जाणवलं नव्हतं.

२ नोव्हेंबरला आजीच्या कबरीवर मी दोन मेणबत्त्या लावतो. लहानपणी तू विचारायचीस, दुसरी कोणाची? वाऱ्याने एक विझली तर असावी, असं मी म्हणायचो. ती तुझ्या आधीच्याची. यंदा तीन लावल्या. आईने बघितलं, बोलली नाही.

तुझ्या आधीचं ते झालं त्या वर्षी, आगमनकाळातच, तुझी आई संध्याकाळी स्वयंपाकघरात दिवा न लावता बसायची. म्हणून मी तुझ्या दिव्याच्या मागे लागलोय. मला बोलता येत नसे. बाजारातून आलो की आधी दिवा लावायचो आणि चहा टाकायचो. येत्या रविवारी योसेफाचं, मरियेच्या नवऱ्याचं, शुभवर्तमान आहे. अख्ख्या शुभवर्तमानात त्या माणसाचा एक शब्द नाही, उठतो आणि सांगितलेलं करतो. मला तो जवळचा वाटतो. तो नाताळ तसाच गेला. पुढच्या पावसात एकदा मी आलो तर दिवा लागलेला होता. तेव्हा तू पोटातही नव्हतीस. तू नंतर आलीस, पण ते मी तुला आशेचं कारण म्हणून सांगत नाही. तुमचं पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असल्यासारखं बोलणाऱ्यांचं तू ऐकू नकोस, ते नात्यातले असले तरी.

गाणी ऐकवत नसतील तर खुशाल उठून ये. तोंडातून दुसरं काही निघत नसेल तर योहानाचाच निरोप पाठव: तो तूच का? एवढ्यावरही प्रार्थना होते, असं मला कालपासून वाटतंय. आणि ऑल्विनला जरा लवकर निघता येतं का, विचार. त्याचंही बाळ होतं, तोही कुठेतरी बसत असेल.

आईला फेब्रुवारीत तुझ्याकडे यायचंय. मला न सांगता तिने पासपोर्ट काढून ठेवलाय. तू आमंत्रणाचं पत्र आणि काय कागद लागतात ते पाठव, पुढचं एजंटकडून मी करून घेतो. ती दोन स्वेटर विणायला बसली आहे, त्या थंडीत त्यांचा काही उपयोग नाही. कोट तिथेच घेऊ, असं तू तिला सांग, माझं ती ऐकत नाही.

तुझा,
बाबा